जाड ऑईल, पातळ ऑईल

माझ्या नावावर आजवर दोनच मोठ्या गोष्टी झाल्या. एक मुलुंड पूर्वेचा हा एका बेडरूमचा फ्लॅट आणि दुसरी, खाली बदामाच्या झाडाखाली उभी असलेली पांढरी पद्मिनी. फ्लॅट आईवडिलांच्या पश्चात आला. गाडी सासऱ्यांनी दिली. म्हणजे तेव्हा ते माझे सासरे होते.

ते एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ते तिच्यात डोकं घालून उभे असायचे, आणि सासूबाई वरून हाका मारून दमायच्या. पुढे सासूबाई गेल्या, सासऱ्यांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिच्यात काडीचा रस नव्हता. त्याला एसीवाली, गिअर नसलेली गाडी हवी होती. मला मात्र ती चालवायला आवडायची. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर कसा टाकायचा हे सासऱ्यांनीच मला नॅशनल पार्कच्या बाजूच्या रस्त्यावर शिकवलं होतं. एक दिवस त्यांनी गाडी माझ्या नावावर करून टाकली. "हिला समजून घेणारं माणूस हवं," एवढंच म्हणाले.

पुढच्याच वर्षी आमचं लग्न मोडलं. मोठी भांडणं झाली नाहीत. दोघंही दमलो होतो, मूलबाळ नव्हतं, आणि एका घरात राहून एकमेकांशी न बोलण्याची आम्हाला सवय होऊन गेली होती. नवरा संपला हे मला कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच कळलं. पण सासरा, पहिल्या मजल्यावरची शेजारीण, स्टेशनबाहेरचा फुलवाला, हे सगळे त्याच दिवशी संपले होते, ते मात्र हळूहळू लक्षात आलं. सासऱ्यांना मी शेवटचा फोन केला तो गाडीची किल्ली परत द्यायची म्हणून. ते म्हणाले, "गाडी तुझी आहे. दिलेली वस्तू मी परत घेत नाही." मी फोन ठेवला. त्यानंतर बरीच वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या काचपट्ट्या पाहायच्या, संध्याकाळी घरी यायचं, एका माणसाचा कुकर लावायचा. भाऊ नाशिकला असतो, त्याचा दिवाळीला आणि राखीला फोन येतो. रविवारी सकाळी मी गाडी काढायची, ऐरोलीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुलापलीकडे मला काही काम नसे. पण गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवावी लागते, आणि मलाही घराबाहेर पडायला काही कारण लागतंच.

गाडीचं सगळं काम एक जुना मेकॅनिक बघायचा. त्याने गॅरेज बंद केलं आणि तो केरळला, गावी निघून गेला. त्यामुळे मागच्या वर्षी ऑईल बदलायची वेळ आली तेव्हा मी एल. बी. एस. रोडवरच्या एका नव्या, चकचकीत गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक चक्कर मारली, मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि म्हणाला, "मॅडम, झकास ठेवलीय. फुल सिंथेटिक ऑईल टाकू या. लेटेस्ट. इंजिन एकदम लोण्यासारखं चालेल." मला वाटलं, चांगलं आणि महाग तेच तिला घालावं. म्हातारीला कधी नव्हे ते लाड. मी हो म्हटलं.

चार दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दार वाजवलं. कंपाउंडमध्ये नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते, आणि त्यांवर माझ्या गाडीखाली काळा, चकाकणारा डाग पसरला होता.

"हे बघा, तुमच्या गाडीने वाट लावलीय," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, तुम्ही एकट्या. कशाला हवं हे लोढणं? भंगारात देऊन टाका."

त्या रविवारी ऐरोलीहून परत येताना टोलनाक्यापाशी ट्रॅफिकमध्ये थांबले, तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ऑईलचं प्रेशर कमी झालं की तो लागतो, इतकं मला माहीत होतं. बॉनेटखालून टकटक असा आवाजही येत होता. गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "इंजिनच गेलंय मॅडम. खोलावं लागेल. नाहीतर विका, मी गिऱ्हाईक बघतो."

घरी आले आणि मोबाईलवर शोधायला बसले. जुन्या गाडीला ऑईल कुठलं, यावर जगात एवढी माणसं एवढं भांडतात याची मला कल्पना नव्हती. एक म्हणे जाडच हवं. दुसरा म्हणे नवं पातळ ऑईल केव्हाही चांगलं, जाड ऑईल म्हणजे अडाणीपणा. तिसरा म्हणे डिझेल गाडीचं घाला, त्यात जुन्या इंजिनाला लागणारा एक घटक जास्त असतो. चौथा तिघांनाही मूर्ख म्हणत होता. त्यातलं कुणीच माझ्या ओळखीचं नव्हतं, आणि माझी गाडी त्यांच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. केरळला गेलेल्या मेकॅनिकचा ठावठिकाणा नव्हता. त्याच्याशिवाय तिचा बोल्ट न् बोल्ट हाताळलेला एकच माणूस होता.

फोनमध्ये त्यांचा नंबर अजून होता. 'बाबा बोरीवली' या नावाने. माझे वडील नुसते 'बाबा', म्हणून हे 'बाबा बोरीवली'. वडील जाऊन वर्षं झाली, पण दोन्ही नंबर मी काढले नव्हते.

दोन दिवस विचार करण्यात घालवले. लावावा की नाही, यापेक्षा मोठा प्रश्न होता तो हाक काय मारायची याचा. बाबा म्हणायचा हक्क राहिला नव्हता. काका म्हटलं असतं तर दोघांनाही लाज वाटली असती. शेवटी शनिवारी दुपारी, लॅबमधून आल्या आल्या, चप्पलही न काढता फोन लावला.

"हॅलो, कोण?" आवाज बारीक झाला होता.

"मी बोलतेय. मुलुंडहून."

मला वाटलं, ठेवतात आता.

"काय गो," ते म्हणाले, "गाडी बंद पडली?"

मी हसले. मग सगळं सांगितलं. गॅरेज, सिंथेटिक, डाग, दिवा, टकटक. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "आता खाली जा. डिपस्टिक काढ, ती ऑईल मोजायची पट्टी. दोन बोटांवर ऑईल घे, चोळ आणि मला सांग कसं लागतं."

मी फोन कानाशी धरून खाली गेले. ऑईल बोटांवर घेतलं.

"पाण्यासारखं लागतंय."

"पाण्यासारखंच!" ते एकदम भडकले, आणि भडकले की ते नेहमी गावच्या बोलीवर येत. "मेल्यांनो, ह्यां पाण्यासारख्यां तेल कोणी घातल्यान गो तिच्यात?" मग शांत होऊन समजावून सांगायला लागले. "हे बघ. नव्या गाडीचं इंजिन म्हणजे घट्ट बसलेलं. त्यात फटी केसाएवढ्याही नसतात, तिथं पातळ ऑईलच हवं. आपली म्हातारी. तिच्या फटी मुळात मोठ्या, त्यात इतकी वर्षं झिजलेली. पातळ ऑईल तिथं ठरतच नाही, गरम झालं की निसटतं. म्हणून दिवा लागतो. आणि रबरी सील सुकून कडक झालीत, त्यातून ते गळतं. इंजिन काही गेलेलं नाही. तिला साधं मिनरल ऑईल घाल, ट्वेंटी-फिफ्टी जाडीचं. आपण नेहमी तेच घालायचो."

"आणि आतून धुवून घेऊ का आधी? गॅरेजवाला फ्लश करा म्हणत होता."

"अजिबात नको. इतक्या वर्षांचा मळ आहे आत. त्यातला काही मळच सीलला धरून बसलाय. तो धुतलास तर जास्त गळेल. नुसतं पातळ काढ, जाड घाल. थोडे दिवस चालव आणि परत एकदा बदल. मळ हळूहळू निघू दे."

मी बरं म्हटलं. त्यांनी विचारलं, "टॉर्च आहे ना घरी?" मी आहे म्हटलं. "ऑईल घातलंस की कळव," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

साधं मिनरल ट्वेंटी-फिफ्टी मिळवायला मला तीन दुकानं फिरावी लागली. जो तो 'आता कोण घेतं ते' म्हणत नवा डबा पुढे सरकवायचा. घाटकोपरला लॅबच्या मागच्या गल्लीत स्पेअर पार्टचं एक अरुंद दुकान आहे, तिथे मिळालं. ऑईल बदलून घेतलं. गाडी सुरू केली, गरम होऊ दिली आणि दिव्याकडे बघत बसले. दिवा लागला नाही. टकटक पूर्ण थांबली नाही, पण लांबून आल्यासारखी झाली.

संध्याकाळी कळवलं. ते म्हणाले, "फोन बॉनेटजवळ धर. ऐकू दे." मी बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला. सेक्रेटरी बाल्कनीतून बघत होते. मी फोन परत कानाला लावला तेव्हा पलीकडून ते म्हणाले, "हां. आता ती बोलतेय."

असं सुरू झालं. दर रविवारी अकराच्या सुमारास मी फोन करायची. डाग किती मोठा झाला? मी गाडीखाली जाड पुठ्ठा घालायला लागले होते, त्यावरचा डाग पाहून सांगायची. रंग कसा आहे? दिवा? चढावर टकटक वाढते का? डिझेलवालं ऑईल घालावं का हा विषय आम्ही दोन रविवार पुरवला. त्यांचं म्हणणं, वाईट नाही, अडल्यानडल्याला चालेल, पण आपलं सुरळीत चाललंय तर कशाला? मुलाचं नाव ते काढत नसत आणि मी विचारत नसे. तो दुसरं लग्न करून बंगळूरला राहतो, एवढं मला बाहेरून कळलं होतं.

थोड्या महिन्यांनी लक्षात आलं की गाडीत विचारण्यासारखं आता काही उरलेलं नाही. दिवा लागत नव्हता. गळती दोन-चार थेंबांवर आली होती आणि "तेवढी गळायचीच, नाहीतर समजायचं ऑईलच संपलंय," असं त्यांनीच सांगितलं होतं. तरी ते विचारायचे. मागच्या वेळी विचारलेलंच थोडं फिरवून विचारायचे. आणि मीही मला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टी त्यांना विचारायला लागले होते. गाडी थंड असताना ऑईल बघायचं की गरम? दोन कंपन्यांचं एकत्र केलं तर चालतं का? ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगायचे. मी गॅसवर भाजी परतत ऐकत राहायची. रविवारी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असायचा, तो तेवढाच.

एकदा म्हणाले, "तिला घेऊन ये ना इकडे. डोळ्यांनी बघतो."

पुढच्या रविवारी गेले. पवई, जोगेश्वरी, हायवे. इतकं लांब मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. बोरीवलीच्या त्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना हात आपोआप डावीकडे वळला, तिच्या जुन्या जागेकडे. तिथे आता कुणाची तरी स्कूटर होती. पहिल्या मजल्यावरच्या शेजारीणबाई भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"अगं, तू? इकडे कुठे?"

"बाबांना भेटायला," मी म्हटलं. तोंडातून तोच शब्द निघाला.

"हो का," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. "म्हणजे आता तू त्यांची कोण लागतेस गं?"

टोमणा नव्हता. बाईंना खरंच प्रश्न पडला होता. तेवढ्यात जिन्यातून काठीचा आवाज आला.

ते खूप बारीक झाले होते. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, आणि शर्टाची वरची दोन बटणं एकमेकांच्या काजात चुकून लावलेली. माझ्याकडे आधी पाहिलंच नाही. गाडीजवळ गेले, बॉनेटवर हात ठेवला, चष्मा वर करून अगदी वाकून आत बघितलं. डिपस्टिक चाचपडत शोधली, खिशातल्या पांढऱ्या रुमालाला पुसली, परत बुडवून काढली, बोटांवर ऑईल चोळलं, वास घेतला.

"बरोबर," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बारीक झालीस गो."

"तुम्ही पण, बाबा."

त्यांनी मान हलवली. पुढचं दार उघडून बाजूच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल, पार्काच्या फाटकापर्यंत जाऊन येऊ."

रविवारची गर्दी होती, पोरांचे घोळके, काकड्या-कैऱ्या विकणाऱ्या बायका. मी गाडी रस्त्याच्या कडेला, सावलीत उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तो मला न्यायला येतोय. बंगळूरला. हल्ली मी विसरतो म्हणे. गॅस चालू राहिला एकदा."

"मग बरंच आहे ना. इथे एकट्याने..."

"बरंच आहे," ते म्हणाले. "त्याला मी सांगितलेलं नाही, तू फोन करतेस ते."

"का?"

"काय म्हणून सांगू? सून म्हणून? ती तिकडे दुसरी आहे, चांगली आहे बिचारी." मग म्हणाले, "आणि एखादी गोष्ट माझी एकट्याची असली तर काय बिघडलं?"

मी त्यांना वर घरापर्यंत सोडलं. उंबरठ्याच्या आत गेले नाही. त्यांनीही 'ये' म्हटलं नाही. शर्टाची बटणं नीट लावून द्यावीत असं फार वाटलं, पण हात पुढे झाला नाही.

महिन्याभरात ते बंगळूरला गेले. पहिल्या रविवारी फोन लागला, त्यांनी उचलला, पण कुणीतरी खोलीत असावं. "हो, हो, ठीक आहे, मग बोलू," असं परक्यासारखं बोलून त्यांनी ठेवला. दुसऱ्या रविवारी फोन वाजत राहिला. नंतर तो बंदच येऊ लागला. मी करणं सोडलं. समजा त्यांच्या नव्या सुनेने उचलला असता, तर मी कोण म्हणून बोलणार होते?

ते महिने वाईट गेले. आधीही मी एकटीच होते, पण तेव्हा माझं वाट बघणं संपलेलं होतं. आता अकरा वाजले की हातातलं काम थांबायचं. फोन टेबलावर उलटा घालून ठेवायची. भाजी करपायची. ऐरोलीच्या पुलावरून परत येताना दिव्याकडे बघत यायची, तर तो दिवाही आता लागत नव्हता, म्हणजे सांगण्यासारखं तेही नव्हतं.

ऑईल बदलायची वेळ पुन्हा आली. घाटकोपरच्या त्या दुकानात नेहमीचा डबा नव्हता. "माल येत नाही ताई आता," दुकानदार म्हणाला. त्याने तीन डबे पुढे ठेवले. एक सिंथेटिक, एक डिझेलवालं, आणि एक दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचं ट्वेंटी-फिफ्टी, पण अर्धं मिनरल, अर्धं सिंथेटिक. मी डबे उलटसुलट करून वाचत राहिले. फोन पर्समध्ये होता. विचारायला कुणी नव्हतं. मग जे ऐकलं होतं ते आठवून स्वतःशीच बोलायला लागले. जाडी तीच हवी, ती आहे. धुऊन काढणारं फार नको. डिझेलवालं अडल्यानडल्याला. आपलं अडलंय का? नाही. मी तिसरा डबा उचलला. घातला. पुलापर्यंत गेले, चढावर मुद्दाम गिअर उतरवून बघितला, सिग्नलला थांबून बघितलं. सगळं ठीक होतं. घरी येऊन चहा केला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिले. इतकं नीट काम केलं होतं आणि त्याबद्दल एक वाक्य बोलायला माणूस नव्हतं. त्या दिवशी मी रडले. गाडी आल्यापासून गाडीपायी पहिल्यांदाच.

मग एका रविवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, जरा घाबरलेला.

"तुम्ही मुलुंडहून बोलताय ना? मी बंगळूरहून. मी त्यांची..." ती थांबली. "बाबा राहतात ना, त्या घरातून."

तिलाही शब्द सापडत नव्हता. मी म्हटलं, "हो, बोला."

"बाबा हल्ली फार विसरतात. रविवारी सकाळी खूप अस्वस्थ होतात. फोन शोधत बसतात, गाडी, ऑईल, दिवा असं काहीतरी बोलत राहतात. आम्हाला काही कळत नाही. त्यांच्या जुन्या फोनमध्ये 'मुलुंड' या नावाने तुमचा नंबर दर रविवारी दिसला. म्हणून म्हटलं... तुमची हरकत नसेल तर बोलाल का त्यांच्याशी?"

"द्या ना," मी म्हटलं.

तिने स्पीकर लावला असावा. खोलीतला टीव्ही ऐकू येत होता.

"कोण?" बाबांनी विचारलं.

"मी. मुलुंडहून."

"काय गो! गाडी बंद पडली?"

"नाही बाबा. परवाच ऑईल बदललं."

"कुठलं घातलंस?"

मी सांगितलं. जुना डबा मिळाला नाही, तिसरा का घेतला, तेही. ते लक्ष देऊन ऐकत होते. "अर्धं-अर्धं," ते म्हणाले. "चालेल. जाडी तीच आहे ना? मग चालेल. डोकं वापरलंस." मग पाऊस कसा आहे तिकडे, असं विचारलं. मग पुन्हा, "ऑईल बदललंस का गो? कुठलं घातलंस?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला भाजी परतताना ऐकलेले त्यांचे रविवार आठवले, आणि मी न कंटाळता तिसऱ्यांदा सांगितलं. मागून एका पुरुषाचा आवाज आला, "बाबा, चहा निवतोय." इतक्या वर्षांनी मी तो आवाज ऐकला. आत काही हललं नाही, याचं मलाच नवल वाटलं. एखाद्या जुन्या शेजाऱ्याचा आवाज ऐकावा तसा तो आला आणि गेला.

"ठेवतो," बाबा म्हणाले. "पुठ्ठा बदलत जा. भिजला की काढून टाक."

फोन बंद झाला. गॅसवर काही नव्हतं, मी अजून काही लावलंच नव्हतं. थोड्या वेळाने त्याच नंबरावरून मेसेज आला, 'थँक्यू. आज जेवले नीट. पुढच्या रविवारी अकराला लावून देऊ का?' मी 'हो' लिहिलं. मग नवा पुठ्ठा शोधायला माळ्यावरचं मिक्सरचं खोकं काढलं, ते फाडून खाली घेऊन गेले आणि गाडीखाली सरकवलं.